हात वर केलेला डायनासोर

नरसीला बसमध्ये चढलो तेव्हा पुसेगावहून आलेली एक बाई खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर ओल्या मातीचा एक प्राणी होता. तोंड पालीसारखं, कपाळ माणसासारखं रुंद, हातात भाला.

"बाई, हा कोणता देव?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"देव न्हाई, बाबा. डायनासोर हाय. मेले नसते तर आपल्यावाणी शहाणे झाले असते, तवा असे दिसले असते. हिंगोलीला प्रदर्शनात नेऊन राहिले."

सगळी बस हसली. तीही हसली आणि ऊन लागू नये म्हणून तिनं त्याच्यावर पदर धरला.

पुढं एका खड्ड्यात बस आदळली. प्राण्याचा हात निखळला, भाल्याचा चेंदा झाला. बाईनं माझ्याकडं पाणी मागितलं, खांदा भिजवला, क्षणभर विचार केला आणि तो रिकामा हात सरळ वर उचलून बसवला.

"असा काहून?" मी विचारलं.

"सवाल विचारून राहिला. शाळेत शिकवते मी. लेकरानं हात वर केला की समजावं, डोकं चालू झालं. भाल्यापेक्षा हेच बराबर हाय."

मला राहवेना. माझं काम टाकून मी तिच्यामागं प्रदर्शनात गेलो, आजोबाही आले. परीक्षकांनाही तिनं तेच, तशाच ठसक्यात सांगितलं.

संध्याकाळी तिचाच पहिला नंबर जाहीर झाला. तिनं डायनासोर डोक्यावर उचलला. आजोबांनी अशी शिट्टी मारली, की बक्षीस घ्यायला पुकारलेलं तिचं नाव मला ऐकूच आलं नाही.