बुजलेला बैल

भंडाऱ्याचा वास आला की मला ट्रेडमिल आठवते. हृदयाच्या बायपासनंतर नारायणगावच्या दवाखान्यात मी कपाळाला जत्रेचा भंडारा लावून तिच्यावर चालत होतो. अचानक पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि व्यायाम घेणाऱ्या बाईंनी पट्टा थांबवला. "ठोके चुकतायत, बसा." सोबत आलेला माझा मुलगा लगेच म्हणाला, "आण्णा, आता बैलगाड्याच्या शर्यतीचा घाट इसरा." मी भडकलोच. "बैल एकदा बुजला म्हणून त्याला कायमचा दावणीला बांधत्यात व्हय? गोंजारायचा, परत जुंपायचा." डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पुढच्या आठवड्यात बाईच हसून म्हणाल्या, "चला, जुंपा." परवा जत्रेत, बैल पळवतात तो शर्यतीचा घाट चढताना छातीतला तो पुन्हा बुजला. मी थांबलो, छातीवरून हात फिरवत "हो राजा, हो" म्हणालो, आणि भंडारा उधळला तो घाटाच्या माथ्यावर जाऊनच.