वाचवलेल्या पाण्याचं बिल

आमच्या गल्लीत प्लंबरबाई एकच. नवऱ्याची पाठ कायमची धरली तेव्हा तिने त्याची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि कामाला निघाली. सुरुवातीला लोक दार उघडून तिच्या मागे कोण आलंय ते बघायचे. मागे कुणी नसायचं. ती म्हणायची, "मीच आलेय. नळ कुठाय?"

तलाव आटला त्या वर्षी पाणीपुरवठा कार्यालयाने पाणी वाचवा म्हणून घरोघर पत्रकं वाटली. बाईने ते फारच मनावर घेतलं. दर रविवारी ती चार-पाच घरं करायची. गळक्या नळांची वायसरं बदलायची, फ्लशच्या टाकीत वाळू भरलेली बाटली ठेवायची आणि मजुरी म्हणून एक कप चहा प्यायची. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दाढी करताना नळ चालू ठेवला की रस्त्यावरूनच ओरडायची, "अहो, गिऱ्हाईकाला बुडवताय का?"

दोन वर्षांत गल्लीचा पाण्याचा वापर बराच उतरला. तिच्या घरात नवरा, सासरे, तीन मुली धरून सहा माणसं. ती सगळी मिळून अठरा युनिटांवरून अकरावर आली. याचा तिला कोण अभिमान!

मग ते बिल आलं. अठरा युनिटांना यायची त्याच्या दीडपट रक्कम, तीही अकरा युनिटांना.

तिने घरातले सगळे नळ बंद केले आणि मीटरपुढे उकिडवी बसली. काटा तसूभर हलेना. गळती नव्हती.

"चुकलं असेल त्यांचं," नवरा म्हणाला. "जाऊन विचार तरी."

जाता जाता तिने न्हाव्याचं बिल पाहिलं, समोरच्या शिक्षिकेचं पाहिलं. सगळ्यांची तीच गत. एवढ्या घरांची चूक एकदम कशी होईल?

कार्यालयातल्या कारकुनाने बिल दोनदा वाचलं. माणूस सभ्य होता. "ताई, बिल बरोबर आहे. दर वाढलाय."

"कशामुळे?"

त्याने चष्मा काढून पुसला. "लोकांनी पाणी कमी वापरलं ना. पंप तेवढेच चालतात, माणसं तेवढीच लागतात. पाणी कमी विकलं गेलं, तेव्हा खर्च भरून निघेना."

बाईने बिल परत हातात घेतलं. "म्हणजे आम्ही वाचवलं म्हणून?"

"तसंच म्हणा."

"आणि ओतून टाकलं असतं तर?"

"तर एवढं वाढलं नसतं," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते ऐकवेना. त्याच्या मागच्या भिंतीवर 'पाणी वाचवा'चं पत्रक तसंच चिकटवलेलं होतं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. न्हाव्याने तर दुसऱ्या दिवशी दुकानातला नळ सोडूनच ठेवला. "भरायचेच आहेत तर वापरून भरतो! वहिनी, तुमच्या वायसरांनी आमचा खिसा कापला."

तिने आत जाऊन नळ बंद केला. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?" तिचे डोळे भरलेले पाहून न्हावी वरमला.

दरवाढीवर हरकती ऐकायला कार्यालयाने सभा बोलावली होती. जन्मात कधी माईकपुढे न गेलेली बाई तिथे उभी राहिली. "मी प्लंबर आहे," ती म्हणाली. "गळती कुठेय ते आधी बघायचं, एवढंच मला कळतं. आमच्या मीटरपर्यंत पोचायच्या आधी किती पाणी गळतं?"

वरिष्ठ अभियंत्याने कागद चाळले, शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. "दहा भागांतले साधारण चार."

बाई माईक धरून तशीच उभी. दोन वर्षं ती थेंब थेंब अडवत होती, आणि रस्त्याखाली रोज जवळजवळ अर्धं पाणी मातीत जात होतं! "चार?" तिने पुन्हा विचारलं. "आणि तेही आमच्याच बिलात?" मागून एकच गिल्ला झाला. सगळ्यात मोठा आवाज न्हाव्याचा होता.

दरवाढ काही मागे गेली नाही. रस्त्याखालचे जुने पाइप बदलायचं काम तेवढं सुरू झालं आणि दहा युनिटांपर्यंत वापर असणाऱ्यांना जुना दर मिळाला. बाईचे अकरा. एका युनिटाने हुकलं.

त्या आठवड्यात सासऱ्यांनी तिला हाक मारली. वय ब्याऐंशी, बोलणं मोजकं. "सूनबाई, मी आता एक दिवसाआड अंघोळ करत जाईन. तेवढंच तुझं युनिट सुटेल."

कार्यालयात बसला नव्हता असा धक्का तिला तेव्हा बसला. आपण या घराला कुठवर आणून ठेवलं! ती तडक न्हाणीघरात गेली, बादली काठोकाठ भरली, हात बुडवून पाणी सोसेल इतकं कोमट आहे का ते पाहिलं.

"मामंजी, चला," ती म्हणाली. "आणि सावकाश करा. काही घाई नाही."