फौजदारीणबाई आणि नवे नळ

गल्लीत माझ्या सासूबाईंना फौजदारीण म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात धुऊन आलेली चादर उजेडात धरायची, भोक नाहीतर डाग दिसला की परत पाठवायची, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. घरी आल्या तरी नजर तीच. दूधवाला जरा हसला की म्हणणार, "आज पाणी जास्त घातलंय वाटतं." लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मीही उजेडात धरलेली होते. ह्यांच्याकडे रडगाणं गायलं तर हे हसायचे. "अगं, ती मलासुद्धा सोडत नाही!"

हे नळकामाचे कारागीर. लढाई पेटली, बोलावणं आलं, हे गेले. घरात उरलो आम्ही दोघी. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले. चौकशी करायला लष्कराच्या कचेरीत गेलं की खिडकीतला माणूस मान वर न करता "कळवू" म्हणायचा. सासूबाईंचं म्हणणं, ज्याला काही माहीत नसतं तो निदान मान वर करून बोलतो.

हे कामाला होते त्या नळाच्या दुकानात एक रीत होती. जो लढाईवर जाईल त्याच्या घरचं नळाचं काम बाकीच्यांनी फुकट करायचं, पण घरच्यांनी बोलावल्यावर. आम्ही बोलावलंच नव्हतं आणि एका सकाळी दुकानाचे मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर!

"काय गळतंय?" सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं.

"काही नाही, आई. नळ बदलून देतो."

"चांगले चाललेले नळ?"

"जुने झालेत."

"मीही जुनी झालेय. मलाही बदलून देता का?"

एरवी उस्ताद अशा बोलण्यावर खो-खो हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. चहा नको म्हणाले. आमच्या घरी येऊन उस्तादांनी चहा नको म्हणावं? खाली मान घालून त्यांनी फिरवायचे गोल नळ काढले आणि लांब दांडीचे बसवले, मोरीत, न्हाणीत, सगळीकडे. दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने दारांच्या गोल मुठी काढून आडव्या दांड्या लावल्या. उधारीचं नाव काढलं की अंगावर येणारा वाणी तेलाचा डबा स्वतः खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, काही लागलं तर सांगा हं." त्याच्या तोंडी 'हं'!

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "लोक एवढे चांगले कधी वागतात, सांग बरं."

मला माहीत होतं कधी वागतात. घरातलं माणूस गेलं की. मी ओरडलेच त्यांच्यावर, "आई, काहीतरी अभद्र बोलू नका!" आणि मग आम्ही दोघी दिवसभर एकमेकींकडे न बघता वावरत राहिलो. भाजी आणायला गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. कुणाचा विश्वास म्हणून वाटेना.

एकदा भांडी घासताना सासूबाईंचे दोन्ही हात साबणाने भरलेले होते. त्यांनी कोपराने दांडी ढकलली. पाणी आलं. कोपरानेच बंद केली. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"असे नळ ऑपरेशनच्या खोलीत असतात," त्या म्हणाल्या. "हात न लावता उघडायचे."

साबणाच्या हातांनी त्या निघाल्या त्या थेट दुकानात. मी मागून धावतेय. गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी उस्तादांना विचारलं, "माझ्या मुलाचे हात कुठेयत?"

उस्ताद मटकन पाइपांच्या ढिगावर बसले. "जिवंत आहे तो, आई."

"मग ते आधी सांगायचं ना, मेल्या!"

उजवा हात मनगटापासून गेला होता. डाव्याची बोटं मिटत नव्हती. ह्यांनीच उस्तादांना फोन करून सांगितलं होतं, घरी कळू देऊ नका, मीच येऊन सांगतो, तेवढे नळ बदलून ठेवा. मी आधी देवाचे आभार मानले आणि मग अशी काही भडकले! अख्ख्या गल्लीला माहीत, आणि बायकोला नाही!

हे आले त्या दिवशी गल्लीने मंडप घातला. माईक, खुर्च्या, भाषणं. "ह्यांनी आपल्यासाठी हात दिले," असं जो तो म्हणत होता, आणि हे खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते. उस्ताद भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन पुढे आले, ह्यांच्यासमोर धरला, आणि तसेच थिजले. घ्यायचा कशाने? टाळ्या एकदम थांबल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सासूबाई उठल्या. त्यांनी गुच्छ काढून घेतला, उलटसुलट करून बघितला.

"सत्कार झाला. आता हा कामावर कधी यायचा?"

उस्ताद गडबडले. "आई, आत्ताच तर आलाय. आराम करू दे. आम्ही आहोत ना, घरात काही कमी पडू देणार नाही."

"वाटलंच मला! फुलं द्यायची आणि घरी बसवायचं. जिवंत माणसाचं तेरावं घालताय की काय?" माईक चालूच होता. "भिंतीला कान लावून गळती कुठेय ते सांगायला ह्याला कोण बोलवायचं? तुम्हीच ना? कानाला काय झालंय ह्याच्या?"

 उस्ताद डोळे पुसून म्हणाले, "सोमवारी सकाळी पाठवा."

"पाठवते. आणि खरंच कामाला लावलंय की नुसतं बसवून ठेवलंय, ते बघायला मी दुपारी येणार आहे."

सगळे हसले. ह्यांनी मान वर केली आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.