वहिनींचं न भाजलेलं किचेन

शनिवार. बरेच महिने इथे फिरकले नाही, तुमच्या मेसेजेसना उत्तरंही दिली नाहीत. माफ करा.

वहिनींचं शेवटचं अक्षर आमच्या फ्रीजवर आहे, आणि त्यांची मुलगी म्हणतेय, ते ओव्हनमध्ये घाल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

काचीगुड्याच्या आमच्या स्वयंपाकघरात त्या किल्ल्यांना अडकवायची किचेन करायच्या. कोठीच्या बाजारातून श्रिंक प्लास्टिकची शीट आणायची, रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायचं, कापायचं, भाजायचं. तळहाताएवढा तुकडा आक्रसून अंगठ्याएवढा होतो. जाड, टणक. रंगही गडद होतात.

पहिल्यांदा केली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण म्हणून.

सगळ्या किचेनना भोकं पाडायची राहिली. भाजल्यावर पंच चालेना.

शेजारच्या भाभी वाण उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "चाबी कां डालूं इसमें?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "इस साल ये रखो जी. अगले साल छेद देतूं."

पुढच्या वर्षीपासून आधी भोक, मग चित्र.

भाजायच्या मात्र त्या एकट्याच. तापलं की प्लास्टिक पापडासारखं मुरडतं. मी दरवेळी ओरडायची, "वहिनी, गेलं! काढा ना!"

"अगं थांब की! मुरडायलंय तर मुरडू दे. आपलं आपण सरळ होतंय. तू दार उघडू नकोस फक्त."

आणि व्हायचं सरळ.

शेवटचं किचेन त्यांच्या मुलीसाठी, ईशासाठी होतं. बेंगळुरूत तिने फ्लॅट घेतला, त्याच्या किल्लीसाठी. आमचं निळं गेट, गेटवर मांजर, खाली 'ईशाचं घर'. ईशाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षरं मोठी आणि सुटी.

भोक पाडलेलं. कडा गोल कापलेल्या.

"रविवारी भाजू," म्हणाल्या.

शुक्रवारी गेल्या.

तेव्हापासून तो तुकडा फ्रीजवर, स्टीलच्या ताटाखाली आहे. ईशा दर फोनला विचारते. मी सांगते, बिघडेल गं. मुरडून स्वतःलाच चिकटलं तर सुटत नाही. हे अक्षर पुन्हा मिळायचं नाही.

हे खरं आहे. पण एवढंच खरं आहे का?

वर्षभर स्वतःला विचारतेय. वाटतं, तो तुकडा भाजलेला नाही तोवर वहिनींचं काम आमच्या घरात चालू आहे. भाजला की संपलं. आणि तो इथून जाईल.

म्हणजे मी जपतेय कुणाची वस्तू? ती तर ईशाची आहे.

आज सकाळी ती वर्षश्राद्धाला आली. ताट उचलून तुकडा हातात घेतला. एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं. मग म्हणाली, "काकू, लाइट घे, एवढं मनावर नको घेऊ. बिघडलं तर बिघडलं. आईने किल्लीला लावायला केलंय ना?"

"मी कधी भाजलं नाही गं."

"बघितलंस तर इतक्यांदा!"

हो. बघितलंय.

वहिनी, अजून हाक मारायला तोंड उघडतं. तुम्हाला नमस्कार. या वेळी मी ओरडणार नाही.

उद्या: ईशाचं किचेन भाजणे. मध्ये दार उघडायचं नाही.