कोरसमधले बाबा

श्रावणातला पहिला शनिवार. हजर: मी आणि परळच्या आमच्या संगीत विभागाच्या वर्गातले सात विद्यार्थी. गैरहजर: कोणी नाही. हे क्वचित घडते.

विषय होता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे गॉस्पेल संगीत. चर्चमध्ये केलेली जुनी ध्वनिमुद्रणे मी क्रमाने लावून ठेवली होती. एक जण ओळ म्हणतो, सगळा जमाव तिला उत्तर देतो. मध्येच कुणी खोकते, बाक करकरतो. पुढे गाणाऱ्याचे नाव नोंदीत असते, उत्तर देणाऱ्यांचे बहुधा नसते. म्हणून आज फक्त त्यांनाच ऐका, असे मी सांगितले. मागून शेरा आला की हे तर आमच्या चाळीतले भजन, फक्त पखवाज घरी विसरलेत. सगळे हसले.

करी रोडची एक मुलगी हसली नाही. तास संपल्यावर तिने पर्समधून एक कॅसेट काढली. चाळीतल्या भजनी मंडळाच्या ट्रंकेत सापडलेली, तिच्या जन्माच्या सुमारच्या गणपतीतली. तिचे वडील दर गणपतीत कोरसला बसायचे. ती दोन वर्षांची असताना ते गेले. घरात त्यांचे फोटो आहेत, आवाज नाही.

विभागातल्या जुन्या टेपवर कॅसेट लावली. मंडळाच्या बुवांची ओळ स्वच्छ. मागून दहाबारा जणांचे उत्तर. तिने ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितले.

"मॅडम, यातले बाबा कुठले?"

मला सांगता येईना. संगणकावर घेऊन खरखर काढली, इअरफोन बदलले. शेवटी म्हटले, बुवांना विचारू.

बुवा आता अँटॉप हिलला मुलाकडे असतात. रविवारी दोघी गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकले, बोटे गुडघ्यावर चालू. पखवाज कोणाचा, पेटी कोणाची, लगेच सांगितले. तिच्या वडिलांचा आवाज कुठला, हे विचारल्यावर नकारार्थी मान हलवली.

"कोरसात एकाचो आवाज वेगळो इलो की मी भजन मधीच बंद करी. तुझ्या बापाशीसाठी कधी बंद करूक लागला नाय गो."

त्यांनी हे कौतुकाने सांगितले. तिने चहा संपवला, पाया पडली. जिना उतरताना म्हणाली, "म्हणजे चांगलं गायचे." आणि कठडा धरून तिथेच पायरीवर बसली. मी तिची पर्स धरून उभी राहिले.

कॅसेटची प्रत विभागाच्या संग्रहात ठेवायची आहे. बुवा, पखवाज, पेटी, तिन्ही नावे मी लिहून टाकली. कोरसपुढे वडिलांचे नाव तिने स्वतः लिहायचे ठरले आहे. गणपती येऊन गेले, ती जागा अजून रिकामी आहे.