खिडकीजवळची परात

दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या भाकरी केंद्रात सगळं सपान पडल्यागत वाटतं. खिडकीतनं उन्हाची तिरीप येती, तिच्यात पीठ तरंगतं, आन धा परातींवरचा थप-थप आवाज एकच सूर धरतो. डोळा कवा लागतो कळत न्हाय. भाकरी करपली की जाग येती! सोलापूरची कडक भाकरी ही, महिनाभर टिकती. पण ती करणाऱ्या बायका टिकवायच्या, ते काम चंद्रव्वाक्काचं.

आक्कानं आठ वर्सांमागं दोन तव्यांवर हे केंद्र सुरू केलं. अक्कलकोटकडची, बोलण्यात निम्मं कानडी. सकाळी प्रत्येकीपाशी थांबून इचारायची, "ऊटा आतेनव्वा? जेवलीस का गं?" दुपारी मोडक्या भाकरींची दुरडी पुढ्यात घ्यायची, एकेक तुकडा उन्हात धरून निरखायची, मग आमटीत कुस्करून खायची. मी मनात म्हणायची, काय बाई चिकट! खाऊन झालं की कुणाच्या तरी शेजारी बसून हळू बोलायची, आन दुसऱ्या दिवशी त्या बाईची जागा बदललेली असायची. मला वाटायचं, लहर हाय बाईची.

यंदा लेकीच्या बाळंतपणाला ती धा दिवस गावी गेली. चाव्या माझ्या हातात देऊन म्हणाली, "वैजयंती, बायकांना सांभाळ." झालं! माझे पाय जमिनीला लागंनात. गुलनाजचा हात लई चपळ, म्हणून तिला खिडकीपाशी बसवलं. तितं बसणाऱ्या मायाक्काला कोपऱ्यात सरकवलं. साठीची बाई, एक शब्द बोलली न्हाय. पण तिच्या भाकरी मोडाय लागल्या. लग्नाची ऑर्डर डोक्यावर, माझं टाळकं फिरलं. दुरडी उचलून सगळ्यांपुढं ओरडले, "ह्या बघा मायाक्काच्या! हात थकलं असतील तर घरी बसा की!"

थप-थप थांबली. मायाक्कानं हात धुतलं, पदर सावरला आन निघून गेली.

दोन दिवस आली न्हाय. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामबी न्हाय. आक्का परवा यायची हुती, तिला काय तोंड दाखवू? त्याहून जास्ती खुपत हुती मायाक्काची ती गप पाठ. झोपेत चालल्यागत तिच्या घरी गेले.

अंगणात उन्हाचा सडा पडलेला. मायाक्का चुलीम्होरं भाकरी थापत हुती, गोल, एक चीर न्हाय. मी हातभर अंतरावर उभी ऱ्हायले. तिनं मान वर केली.

"कोण हाय?"

चार वर्सं आमी शेजारी शेजारी काम केलेलं. मी आणखी पुढं सरकले.

"मी, वैजू."

"व्हय का? सावली दिसली नुसती. बस."

"मायाक्का, तुमाला दिसत न्हाय? मग बोलला का न्हाय?"

"आक्कालाबी कुटं बोलले? चिरलेली भाकरी कुणी तव्यावर टाकतं का? मी टाकत हुते, चीर दिसायचीच न्हाय. मोडके तुकडे बघून तिनं वळखलं, आन गुमान खिडकी दिली."

मी पाय धरले तिचे. "चुकलं माझं. उद्या या. खिडकी तुमचीच हाय."

आली बाई! गुलनाजनं आपणहून जागा सोडली. अंधारा कोपरा मी घेतला. तितं धूर डोळ्यात जातो, भाकरीची कड दिसत न्हाय. माझ्या सात भाकरी मोडल्या.

दुसऱ्या दिवशी आक्का आली ती थेट दुरडीपाशी. तुकडा उन्हात धरला.

"कुणाच्या ह्या?"

"माझ्या."

तिनं खिडकीतल्या मायाक्काकडं बघितलं, मग माझ्या कोपऱ्याकडं. दुरडी घेऊन धुरात माझ्या शेजारी येऊन बसली, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"ऊटा आतेनव्वा?"

मायाक्काच्या घरनं आल्यापासनं माझ्या पोटात घास गेला नव्हता, आन ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तितंच, परातीम्होरं, मी हमसून हमसून रडले.