चार वाजता बंद

माझ्या मुलाला अक्कल कमी आहे असं मी म्हणणार नाही, मीच वाढवलाय त्याला. पण परवा त्यानं जे केलं त्याला दुसरं काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

माझी सून बेकऱ्यांना सल्ला देते. आधी एका मोठ्या ब्रेडच्या कारखान्यात अधिकारी होती. तिथे ना जेवायला वेळ, ना झोपेला. एक दिवस चक्कर येऊन पिठाच्या पोत्यांवर पडली, तर वरचा साहेब म्हणतो कसा, "शिफ्ट संपली की दवाखान्यात जा." मेला! सुनेनं नोकरी सोडली, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावले. आता हिला कोण विचारणार?

विचारलं की! कुणाचा पाव फुगत नाही, कुणाचा अर्धा माल संध्याकाळी परत येतो. ही पहाटे जाते, कोपऱ्यात स्टूल टाकून बसते आणि पहिल्या दिवशी तोंड उघडत नाही. पीठ मळल्यापासून भट्टीत जाईपर्यंत ट्रे कुठे ताटकळतात, एवढंच बघते. मग बोलते. एका बेकरीवाल्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता लोक तिच्यासाठी थांबतात, कारण एका वेळी ती मोजकीच कामं घेते.

आणि एक नियम पहिल्याच भेटीत तोंडावर सांगते: दुपारी चारला काम बंद. फोन कपाटात, पिशवी खांद्याला, आणि ही चालली तलावावर पोहायला.

इथेच लोकांच्या पोटात दुखतं. माझ्या नातीचा अभ्यास घेते म्हणाली असती, तर "किती गुणाची!" माझे पाय चेपते म्हणाली असती, तर डोक्यावर घेऊन नाचले असते. पण स्वतःसाठी पोहायचं? "शोभतं का या वयात?" अरे, तुमच्या बापाचं काय जातं?

तर आमचे चिरंजीव. बायकोचा धंदा वाढवायचा म्हणून गुपचूप कार्डं छापून आणली. गुळगुळीत, सोनेरी अक्षरांची. तिच्या नावाखाली काय लिहावं? "चोवीस तास सेवा"! वर तिला न विचारता एक कार्ड एका बड्या बेकरीमालकाला दिलं, ज्याची शहरभर दुकानं. "कधीही या हो, ती घरीच असते."

आला की तो. नेमका चारला. वर्षभराचं काम घेऊन आला होता, आणि काम मोठं होतं. सोफ्यावर ऐसपैस बसला; आमचे चिरंजीव मुद्दाम सुट्टी काढून शेजारीच. सून पिशवी घेऊन बाहेर आली, तशी थबकली.

"उद्या सकाळी दहाला बसूया का?" ती नीट म्हणाली.

त्यानं हसत खिशातलं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. "मॅडम, इथे चोवीस तास लिहिलंय. मला आत्ता वेळ आहे. माझं काम घ्यायचं तर मी बोलावलं की यायचं."

तिनं ते कार्ड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, मग नवऱ्याकडे. चेहरा उतरला पोरीचा. एवढं काम आपल्या पायांनी घरी आलेलं, कोण नाही म्हणेल? एकदा हो म्हटलं की पुन्हा तोच कारखाना, फक्त पत्ता घरचा. माझा जीव टांगणीला लागला.

"हे ज्यानं छापलंय तो इथेच बसलाय," ती म्हणाली. "चोवीस तास त्याच्याकडे मागा. माझं काम चारपर्यंतच." आणि चपला घालून गेली.

मालक ताडकन उठला. "अशानं धंदे होत नाहीत!" दार आपटून तोही गेला. काम गेलं ते गेलंच.

मुलगा माझ्यावर उखडला. "बघितलंस? एक दिवस पोहली नसती तर आभाळ कोसळलं असतं? तू तरी समजव तिला."

"ऑफिस सुटल्यावर तू पत्ते कुटायला जातोस," मी म्हटलं, "तेव्हा तुझ्या साहेबाला कुणी सांगतं का, बोलवा हो केव्हाही, तो घरीच असतो म्हणून?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

त्यावर म्हणतो, "तू तिची बाजू का घेतेस?"

"बाजू कसली, मेल्या? चोवीस तास हजर असलेली बाई तू लहानपणापासून बघितलीस, म्हणून तर हे छापताना तुला काही वाटलं नाही. ती बाई मी होते."

त्यानं मान खाली घातली. चहाची वेळ झाली होती. मी उठले नाही.